बारावीचं बायोलॉजी आणि सहा बीकरमधला बटाटा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जानेवारी उजाडला की तुमच्या पेपरात बारावीच्या तयारीचे लेख सुरू होतात, मी ते सगळे वाचतो कारण यंदा माझीच मुलगी बारावीला आहे. पहाटे उठा, टाइमटेबल भिंतीला लावा, मोबाईल आईकडे द्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. बायोलॉजीसाठी वेगळं काय लिहितात तर आकृत्या पेन्सिलीने काढा, नावं एका बाजूला द्या आणि पुस्तक ओळ न ओळ वाचा. चूक काहीच नाही. पण इतक्या वर्षांत एकाही लेखात मला हे वाक्य सापडलं नाही की बाबांनो, लॅबमध्ये जा. मी एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, २६ वर्षं झाली, म्हणून मला हे लागतं असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

आधी परीक्षेचं गणित सांगतो, कारण ज्यांच्या घरी बारावी नाही त्यांना ते माहीत नसतं. बोर्डाचा बायोलॉजीचा लेखी पेपर ७० मार्कांचा आणि प्रॅक्टिकल ३० चं. नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे, ९० प्रश्न, चुकलं की एक मार्क वजा. आणि ज्यांना फार्मसी, अ‍ॅग्री करायचंय त्यांची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा, वेगळी, तिथे बायोलॉजीचे १०० प्रश्न दीड तासात. म्हणजे एका पोराच्या डोक्यावर एकाच विषयाच्या तीन परीक्षा आणि पुस्तकं दोन, बोर्डाला बालभारतीचं, नीटला एनसीईआरटीचं. धडे सुद्धा जुळत नाहीत. आमच्या बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात १५ धडे आहेत, त्यातला सहावा वनस्पती आणि पाणी यावर, मुळं पाणी कशी ओढतात, ते शेंड्यापर्यंत कसं चढतं, पानातून कसं उडून जातं. नीटच्या सिलॅबसमधून २०२४ ला हा भागच काढून टाकला. झालं, पोरांनी पण टाकला. शेतकऱ्याची पोरं, ठिबकचे व्हॉल्व्ह रोज हातात, पण पाणी मुळात शिरतं कसं हा धडा ऑप्शनला.

बरं लॅबमध्ये येणार तरी कोण. आमच्याकडे अ‍ॅडमिशन ८० चं आणि रोज दिसणारी पोरं १५-२०, बाकी सगळे लातूरला नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी क्लासला, रूम करून राहतात, कॉलेजात फक्त नाव असतं. ती उगवतात थेट जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकलला, हातात कोरं करकरीत जर्नल, एका रात्रीत उतरवलेलं, सगळ्यांच्या जर्नलमध्ये रीडिंग तेच, दशांशापर्यंत तेच. कुणाचं तरी पहिलं जर्नल चुकलेलं असतं आणि ती चूक ८० जर्नलांत जशीच्या तशी जाते. एका वर्षी मातीचा पीएच ७० होता. ७.० मधला टिंब पहिल्याने खाल्ला, बाकीच्यांनी ७० उतरवला, कुणाला काही खटकलं नाही (पीएचची पट्टी १४ ला संपते हे त्यांनी तोंडपाठ केलेलं असणार, मला खात्री आहे).

आणि मी साधू आहे असं नाही. स्पॉटिंगला, म्हणजे मांडून ठेवलेले नमुने ओळखायला, पोरं टेबलासमोर उभी राहतात, मायक्रोस्कोपात बघतात की नाही देव जाणे, आणि हळूच माझ्याकडे बघतात, "मामा, पाच नंबर?" मी ओठ हलवतो. २६ वर्षं हलवतोय. बाहेरून आलेले परीक्षक पण समजून घेतात, त्यांच्या कॉलेजात आमचे सर जाणार असतात ना. ३० पैकी २८, २९. सगळ्यांचं भलं होतं आणि कुणाला काही येत नाही. नाव छापू नका म्हणून शेवटी लिहिलंय ते यासाठीच.

आता माझ्या डोक्यात हे किडं कसं वळवळायला लागलं ते सांगतो. माझी ताई न्यू जर्सीत असते, तिच्या मुलीने गेल्या मे मध्ये तिकडची एपी बायोलॉजी म्हणून परीक्षा दिली. ही शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लेव्हलची परीक्षा असते, १ ते ५ असा स्कोअर देतात, ४ किंवा ५ आला तर बरीच कॉलेजं तो विषय माफ करतात. फी साधारण शंभर डॉलर, एका विषयाची. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर माझी मुलगी आणि ती, दोघी बोलत बसल्या, मी बाजूला आकाशकंदिलाची वायर जोडत होतो आणि कान तिकडे. आमच्या कन्येने विचारलं तुमच्याकडे प्रॅक्टिकलला किती मार्क? ती म्हणाली, "प्रॅक्टिकलला मार्क नाहीतच." आमची कन्या खूश, मज्जाय तुमची म्हणाली. तर ती म्हणते मज्जा कसली, अर्धी परीक्षा लॅबवरच असते.

मी वायर सोडून फोन हातात घेतला आणि नीट विचारून घेतलं. दीड तासात ६० प्रश्न चार पर्यायांचे आणि पुढच्या दीड तासात ६ प्रश्न लिहायचे, दोन मोठे, चार छोटे. सूत्रांचा कागद तेच देतात, कॅल्क्युलेटर चालतो, म्हणजे पाठ करायला फारसं ठेवलेलंच नाही. मोठ्या प्रश्नात कुणीतरी केलेला प्रयोग दिलेला असतो, त्याचा तक्ता असतो, आणि विचारतात की तुलनेसाठी ठेवलेला गट कोणता, आलेख काढ, हा फरक खरा की नुसता योगायोग, अमुक बदललं तर काय होईल आणि तुझं म्हणणं कशावरून. ज्याने आयुष्यात कधी बीकर धरलेला नाही त्याला तो प्रश्न वाचूनच कळत नाही. म्हणून त्यांच्या शाळेत एकूण तासांतला पाव वेळ लॅबला द्यावाच लागतो, तसा त्या कोर्सचा नियमच आहे.

म्हणजे बघा साहेब, तिकडे प्रॅक्टिकलला मार्कच नाहीत तरी लॅबशिवाय पान हलत नाही, आणि आपल्याकडे रोख ३० मार्क आहेत तरी लॅबला कुलूप. हे मला त्या रात्री झोपू देईना.

भाची म्हणाली आम्ही बटाट्याचा प्रयोग केला होता. अरे, बटाट्याचा तर आम्ही पण करतो! आमचा जुना पोटॅटो ऑस्मोमीटर, बटाटा सोलायचा, बूड सपाट करायचं, मधे खड्डा पाडायचा, खड्ड्यात साखरेचं पाणी, बाहेर रंगाचं पाणी, पातळीला टाचणी टोचून ठेवायची आणि तासाभराने बघायचं, आतली पातळी टाचणीच्या वर गेलेली असते. पातळ पडदा मधे असला की पाणी साखरेकडे जातं, परासरण, ऑस्मोसिस. आपल्या जर्नलमध्ये हे दोन पानात संपतं, 'पातळी वाढली, सबब ऑस्मोसिस सिद्ध झाले'. त्यांचा प्रयोग वेगळा होता. सहा भांडी, साखरेचं प्रमाण चढत जाणारं, आणि प्रत्येकात बटाट्याचे सारख्या आकाराचे तुकडे, आधी वजन, नंतर वजन.

मला काय, चावी माझ्याकडेच. सुट्टीतला शनिवार होता, सरांना फोन करून परवानगी घेतली आणि मुलीला घेऊन लॅबमध्ये गेलो. तिची आई म्हणाली नीट तोंडावर आलीय आणि तुम्हाला बटाटे सुचतायत. तिचंही खरंय, क्लासची फी तिच्या सोन्यातून गेलीय.

सहा बीकर मांडले. एकात नुसतं डिस्टिल्ड वॉटर, पुढे ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि शेवटी १ मोलर (पाण्यात साखर किती, त्याचं माप). साखर साधी किराण्याची, तीच सुक्रोज. १०० मिलीला ०.२ मोलर करायला ६.८४ ग्रॅम लागते, १ मोलरला ३४.२, हे मोलॅरिटीचं गणित माझ्या मुलीला केमिस्ट्रीत शंभरदा येऊन गेलेलं पण काट्यावर साखर ओतायची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली, की पाणी १०० मिली घेऊन साखर टाकायची का साखर टाकून मग १०० पर्यंत भरायचं? (साखर विरघळवून मग भरायचं.) मी म्हटलं तुला हे पाठ आहे ना, तर म्हणे पाठ आहे पप्पा, केलं कुठंय.

कॉर्क बोररने बटाट्याचे कांडे काढले, साल तासून टाकली, प्रत्येकाचं वजन लिहिलं, बीकरमध्ये सोडले, वर झाकण ठेवलं आणि घरी आलो. रविवारी सकाळी परत. साध्या पाण्यातला तुकडा टणक झालेला, वाकवला तर कट्कन मोडेल असा, आणि १ मोलरमधला लुळा, रबरासारखा, बोटाभोवती गुंडाळता येईल. मुलीने तो हातात धरला आणि एकदम म्हणाली, "हे कोशिंबिरीच्या काकडीसारखं झालंय." तेच ना ते! काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, कैरीला मीठ लावलं की खार सुटतो, आई-आजी रोज घरात ऑस्मोसिस करतायत आणि पोरगी दोन वर्षं एक्झॉस्मोसिसची, म्हणजे पेशीतून पाणी बाहेर जाण्याची, व्याख्या घोकतेय, दोन्हीची गाठ पडली ती त्या लुळ्या तुकड्यापाशी.

पुढे खरी मजा. तिने वजनातला फरक ग्रॅममध्ये काढला आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. रात्री भाचीला फोन, ती म्हणाली टक्क्यात काढ, तुमचे तुकडे सुरुवातीला एकाच वजनाचे नव्हते ना. बरोबर. टक्क्यात काढल्यावर पाच ठिपके रांगेत आले आणि ०.६ वाला एकटाच वर. का? बराच वेळ डोकं खाजवलं, शेवटी मुलीलाच आठवलं की तो तुकडा तिने टिपकागदाने पुसलाच नव्हता, वरच्या पाण्यासकट काट्यावर ठेवला होता. साहेब, एवढ्या वर्षांत मी कुठल्याच विद्यार्थ्याला स्वतःची चूक अशी शोधताना बघितलं नव्हतं, कारण आमच्या जर्नलमध्ये चूक होतच नाही, रीडिंग आधीच बरोबर आलेलं असतं.

मग ती रेघ शून्याला कुठे छेदते ते पाहिलं, म्हणजे जिथे बटाटा पाणी घेत पण नाही आणि सोडत पण नाही. आमची आली साधारण ०.३ वर. त्यावरून बटाट्याचं वॉटर पोटेन्शियल, म्हणजे त्यातल्या पाण्याची पळायची ताकद, काढता येतं, सूत्रात घातलं, ०.३ गुणिले ०.०८३१ गुणिले तापमान ३०० केल्विन, उत्तर उणे साडेसात बारच्या आसपास. मी स्वतः बारावी सायन्स, पुढे शिकायला जमलं नाही, मला ते उणे काही पचेना. तर मुलगी मला समजावायला लागली की पप्पा, शुद्ध पाण्याचं शून्य धरलंय, साखर टाकली की पाण्याची पळायची ताकद कमी होते, शून्याच्या खालीच जाणार ना. दोन महिन्यांपूर्वी हेच तिला विचारलं असतं तर 'दॅट इज व्हाय इट इज ऑलवेज निगेटिव्ह' म्हणून पुस्तकातली ओळ फेकली असती तोंडावर.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, नाहीतर वाटेल की हा अमेरिकेच्या नावाने आरती ओवाळतोय. भाचीच्या सिलॅबसमध्ये हृदयाचे कप्पे, किडनीची रचना असलं काही नाही. आमची पोरगी तिला ईसीजीच्या लाटा समजावून सांगत होती. आणि फुलांचं तर नावच घेऊ नका. पण फुलांच्या बाबतीत आपली पोरं तरी काय दिवे लावतात! एनसीईआरटीत आहे, मोनॅडेल्फस स्टेमन्स, उदाहरण चायना रोज. आमच्याकडे सगळ्यांना पाठ. मी एका हुशार पोराला विचारलं चायना रोज कधी बघितलंस का, तर म्हणे नाही मामा, आपल्याकडे नसतं. अरे बाबा, तुझ्या अंगणात आहे, तुझी आजी रोज गणपतीला वाहते, जास्वंद! त्या मधल्या दांडीला सगळे पुंकेसर चिकटून एकच नळी झालेली असते तेच ते मोनॅडेल्फस. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर असतं, पुंकेसर त्याला माहीत, बीजांड माहीत, तंतुकणिका माहीत, अकरावीला आलं की एका रात्रीत सगळ्यांची नावं बदलतात आणि ही तीच आहेत हे सांगायला कुणी थांबत नाही. नीट मराठीतून पण देता येते म्हणा, पण क्लास आणि मॉक टेस्ट सगळं इंग्रजीत, त्यामुळे ती वाट कुणी धरत नाही.

ओव्हरीत बिया कुठे चिकटतात त्याचे पाच प्रकार तक्ता करून भिंतीला लावतात पोरं, त्याला काही लॅब पण नको. टोमॅटो आडवा काप, तो अ‍ॅक्साइल. मटारची शेंग उघड, मार्जिनल. बांधावरचा पिवळा धोत्रा, पराइटल. झेंडू आणि सूर्यफूल, बेसल. फ्री सेंट्रलचं डायन्थस तेवढं आमच्याकडे रानात मिळत नाही, ते पुस्तकात बघा. पाचातले चार संध्याकाळच्या स्वयंपाकात आणि शेतातून येताना होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते तुमच्या पेपरातून बोर्डाच्या कानावर जावं. प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांवर कडक नजर ठेवा, सीसीटीव्ही लावा, असलं मी सांगणार नाही, त्यातून कसं निसटायचं ते मला माहीतेय, मीच निसटवतो. त्यापेक्षा लेखी ७० मार्कांच्या पेपरात ८-१० मार्कांचा एक प्रश्न असा टाका जो लॅबमध्ये हात घातल्याशिवाय सुटणार नाही. तक्ता द्या, त्यात एक रीडिंग मुद्दाम बिघडलेलं ठेवा आणि विचारा काय बिघडलं असेल. दरवर्षी प्रयोग बदला. मग बघा गंमत, क्लासवाले ज्या चपळाईने मार्कांच्या मागे धावतात त्याच चपळाईने स्वतः पोरांना गाडीत घालून लॅबला आणतील, आमच्यासारख्यांना फोन करतील की मामा रविवारी लॅब उघडता का. मार्क जिथे असतात तिथे गर्दी होते, हा २६ वर्षांचा अनुभव.

अडचणी आहेत, नाही म्हणत नाही. आमच्याकडे मायक्रोस्कोप १२, त्यातल्या ५ ला नीट फोकस होतो. शिकवणारे सर एकच आणि त्यांना वर्षात दहा सरकारी कामं, कधी मतदार याद्या कधी आणखी काही. कित्येक कॉलेजात सहायकाची जागाच भरलेली नाही, शिपाईच स्लाइड मांडतो. पण सहा बीकर, दोन किलो साखर आणि बटाटे याला काही ग्रँट लागत नाही.

आणि एक, आमच्या कन्येचं पुढे काय झालं असं विचाराल तर अजून काहीच नाही, परीक्षा व्हायचीय, परवाच्या मॉकमध्ये तिचे बायोलॉजीचे मार्क १२ ने कमीच आले, तिच्या आईने माझ्याकडे जसं बघितलं ते लिहिण्यासारखं नाही. वनस्पती आणि पाण्याचा तो धडा नीटला नाहीच, तर त्याचे मार्क कुठून येणार! बोर्डाला आहे, सीईटीला आहे, तिथे दिसेल तेव्हा दिसेल.

आमच्या भागातले जे विद्यार्थी हे वाचतील त्यांच्यासाठी, लॅबच्या खिडकीत सात बाटल्यांच्या तोंडावर सात कांदे बसवून ठेवलेत, बूड पाण्याला लागेल असे. तीन-चार दिवसात मुळं फुटतील. ज्याला पेशी विभाजन खरंखुरं बघायचंय त्याने सकाळी आठ ते दहाच्या आत यावं, तेव्हा मुळाच्या टोकाला विभाजन जोरात चालू असतं, दुपारी आलात तर नुसत्या झोपलेल्या पेशी दिसतात. अ‍ॅसिटोकार्मिन, पेशी रंगवायचा लाल रंग, ताजं केलंय. रुमाल आणा, त्याचा डाग जात नाही.

आपला,
एक वाचक
(प्रयोगशाळा सहायक, जि. धाराशिव. नाव आणि कॉलेजचं नाव कृपया छापू नये, नोकरीची अजून सात वर्षं बाकी आहेत.)